पायरी की हापूस

आमच्या ह्यांच्या जिभेचं कौतुक मी वेगळं सांगायला नको, ते स्वतःच भरपूर सांगतात. रत्नागिरीत भाट्याच्या खाडीच्या अलीकडे आमचा आमरस डबाबंद करायचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, मागल्या अंगणात पत्र्याची शेड, रस आटवायची मोठी पातेली, डबे बंद करायचं एक कुरकुरणारं मशीन आणि सीझनपुरत्या येणाऱ्या बायका. पण कुठल्या पेटीतला आंबा रसाला घ्यायचा आणि कुठला परत पाठवायचा, हे फक्त हे ठरवायचे. देठाशी नाक नेलं आणि डावी भुवई वर गेली की समजायचं, आत साका आहे. साका धरला की आंबा वरून राजबिंडा दिसतो, पण आतला गर पांढरट आणि स्पंजासारखा होतो. कापून बघावं तर असायचाच. मग सगळ्यांकडे बघून म्हणायचे, "माझी जीभ खोटं बोलत नाही." नाकाने ओळखलेल्याचं श्रेयही जिभेलाच.

आणि खरंच बोलायची नाही हो. लग्नानंतर मी पहिल्यांदा सोलकढी केली तर भरल्या पंगतीत म्हणाले, "आगळ छान आहे, नारळ खवट." मी आठवडाभर अबोला धरला. सासूबाईंच्या पन्ह्याला पाहुण्यांसमोर "गूळ जुना वापरलास" म्हणाले, तेव्हा कुठे मला बरं वाटलं. आपल्या एकटीचाच नाही, सगळ्यांचाच असा उद्धार होतो म्हटल्यावर राग निम्मा होतो. चवीच्या बाबतीत ह्यांनी कुणाची भीड ठेवली नाही. आईची नाही, बायकोची नाही, देवळातल्या प्रसादाचीसुद्धा नाही.

ह्या जिभेचा खरा मान मात्र होता तो माडीत. नारळाची माडी सकाळी गोड लागते, दुपारी आंबूस होते आणि संध्याकाळी डोक्यात जाते, एवढं इथे कुणालाही कळतं. ह्यांना त्यापुढचं कळायचं. एक घोट तोंडात फिरवून सांगायचे, ही कालची आहे, आजच्यात मिसळलीय. हिच्यात पाणी आहे, आणि तेसुद्धा विहिरीचं नाही, नळाचं. ह्या माडाच्या मुळाला खारं पाणी लागतंय. शिमग्याला पालखी यायच्या आधी मिऱ्याकडची माडी विकणारी माणसं कॅन घेऊन आमच्या पडवीत हजर व्हायची. हे मांडी ठोकून बसणार, चाखणार, आणि "ही परत ने" म्हणाले की माणूस गुमान कॅन उचलून परत जाणार. ह्यांचा रुबाब त्या दिवसांत बघण्यासारखा असायचा.

मला तो बघवायचा नाही. माझे वडील दारूने गेले. लहानपणी मी दाराआड उभी राहून त्यांच्या चपलांचा आवाज ऐकायची आणि त्यावरून ठरवायची, आज सगळे जेवणार की ताट भिरकावलं जाणार. माझा अंदाजही कधी चुकायचा नाही. पण त्याचं कौतुक करायला कुणी नव्हतं.

अठ्ठ्याण्णवच्या शिमग्यात हे चाखता चाखता जरा जास्तच खुशीत येऊन घरी आले. केलं काहीच नाही. मुलगी तेव्हा लहान होती, तिला खांद्यावर घेऊन पालखी नाचवतात तशी नाचवली. ती खिदळत होती. नाक दाबून म्हणाली, "बाबा आंबूस झाले." दोघंही पोट धरून हसायला लागले. आणि मी बघते तर मी दाराआड उभी. कधी जाऊन उभी राहिले ते माझं मलाच कळलं नाही. एवढी घोड्यासारखी बाई, स्वतःच्या घरात, दाराच्या मागे श्वास धरून.

दुसऱ्या दिवशी मी जेवले नाही. हे विचारायला आले तेव्हा म्हटलं, आधी देवळात चला. ग्रामदेवीपुढे नारळ ठेवला आणि यापुढे दारूला तोंड लावणार नाही असं त्यांच्याकडून वदवून घेतलं. हे एकदाच म्हणाले, "अगो, मी चाखतो. पीत नाही."

"सगळे असंच सांगतात," मी म्हटलं.

मग नारळावर हात ठेवला. बापाचं उट्टं मी नवऱ्यावर काढतेय हे मला तेव्हा कळलं नाही असं म्हणायची सोय नाही. थोडं कळत होतं. पण त्या रात्री मला गाढ झोप लागली, तीही खरी.

शपथ ह्यांनी पाळली ती अगदी छळ वाटावा इतकी. डॉक्टरांनी दिलेल्या खोकल्याच्या औषधाची बाटली वाचून परत ठेवली, म्हणाले, ह्यात असते. खोकत राहिले. आमच्या बागेच्या राखणदाराला, म्हणजे बाग राखणाऱ्या देवाला, वर्षातून एकदा कोंबडा आणि बाटली द्यायची पद्धत आहे, ती दारू ओतताना तोंड पलीकडे फिरवायचे, शिंतोडा उडेल म्हणून. शिमग्यात माणसं यायची बंद झाली. पहिल्या वर्षी दोघंतिघं सवयीने आले, ह्यांनी हात जोडले, मग कुणी आलं नाही. पालखीच्या दिवशी हे पडवीत पेपर वाचत बसायचे. मला वाटायचं, चला, सुटलो.

भाऊ आला तो नऊ वर्षांनी, ऐन मे महिन्यात. माझा धाकटा भाऊ अमेरिकेत असतो. वडील गेले तेव्हा तो पाळण्यात होता, त्यामुळे दारू म्हटलं की त्याच्या पोटात गोळा येत नाही. त्याला तिकडे घरच्या घरी बीअर बनवायचा नाद लागला होता. मोज्यांत गुंडाळलेल्या बाटल्या त्याने बॅगेतून काढल्या तेव्हा मी कपाळाला हात लावला. म्हटलं, मेल्या, बहिणीकडे येताना लोक बदाम आणतात.

तो म्हणाला, "ताई, हिला इंडिया पेल एल म्हणतात. नावातच इंडिया आहे, म्हणून तर घेऊन आलो." मग खरं कारण निघालं. त्या बीअरमध्ये हॉप्स म्हणून एका वेलीची कडू फुलं घालतात. त्याने एक जात अशी शोधली होती की तिच्या फुलांनी बीअरला आंब्याचा वास येतो. तो वास जाऊ नये म्हणून त्याने बीअर गाळली नाही, तशीच गढूळ ठेवली. तिकडच्या हौशी लोकांच्या स्पर्धेत परीक्षकांनी नुसती बघूनच बाजूला सारली. बीअर कशी काचेसारखी पाहिजे म्हणे. "मी सांगतोय की आंबा आहे. पण त्यांनी आंबा कुठला खाल्लाय? भावोजी, तुम्ही सांगा. तुम्ही नाही म्हणालात तर मी हा नाद सोडतो."

ह्यांनी शपथेचं सांगितलं. भावाला माहीत नव्हतं. त्याचं तोंड एवढंसं झालं आणि तो माझ्याकडे बघायला लागला. मी पदराने टेबल पुसत राहिले.

हेच म्हणाले, "वास घ्यायला देवीने मनाई केलेली नाही. आणि जिभेला ही आहे."

ही म्हणजे मी. आयुष्यात थेंब चाखला नव्हता मी. पण भाऊ इतक्या लांबून आलेला, आणि ह्यांचे डोळे असे चमकत होते की नऊ वर्षांत तसे चमकलेले मी पाहिले नव्हते. नाही म्हणायला मला जीभ उचलेना.

मग ह्यांनी सगळी तयारी केली. मला चूळ भरायला लावली, चार कुरमुरे खायला लावले, पुन्हा चूळ. बाटली फ्रिजमधून काढून दोन्ही तळव्यांत धरून बसले, फार गार असली तर चव झोपते म्हणून. आढीतला एक हापूस आणि एक पायरी आणून शेजारी कापून ठेवली. सरबताचा काचेचा ग्लास घेतला. भावाने ओतली आणि हे उठून दारातल्या उजेडात ग्लास धरून उभे राहिले.

"आमरसाचं पातेलं विसळलेलं पाणी," म्हणाले.

"म्हणजे वाईट?" भावाने विचारलं.

"वाईट कशाला? माडी काय पारदर्शक असते होय?"

मग नाक ग्लासात घातलं ते काढीनातच. डोळे मिटलेले. भुवई जागच्या जागी. शेवटी मला ग्लास दिला आणि म्हणाले, "छोटा घोट. लगेच गिळू नकोस. आधी काय लागतं?"

मी जीव मुठीत धरून घोट घेतला. मला वाटलं होतं आता वडिलांचा वास येणार. तो आलाच नाही. आला तो पेंढ्यात दडवलेल्या आंब्यांचा, आढी उघडल्यावर पहिल्यांदा तोंडावर येतो तो.

"गोडसर," मी म्हटलं. "मऊ आहे. ताकासारखी नाही, पण जाड आहे."

"कडू कुठे लागतं? टोकाला की मागे?"

"मागे."

"कारल्यासारखं?"

"नाही. पपनस सोलताना आतली पांढरी साल दाताखाली येते ना, तसं."

"बरोबर," हे म्हणाले, जसं काही त्यांनीच चाखलं. "आणि गिळल्यावर?"

"जीभ कोरडी पडते. शेंगदाण्याचं तांबडं टरफल चिकटल्यासारखी."

हे भावाकडे वळले. "फुलं जास्त झालीत आणि बाटलीत भरायची घाई केलीस." भावाने कबूल केलं, विमानाची तारीख आली होती म्हणून लवकर भरली होती. मग ह्यांनी कापलेल्या हापुसाचा वास घेतला, पायरीचा घेतला, पुन्हा ग्लासाचा घेतला. भाऊ दहावीच्या निकालाला उभा राहिल्यासारखा उभा होता.

"आंबा आहे," हे म्हणाले. "पण हापूस नाही. पायरी आहे. एक दिवस जास्त पिकलेली, आणि सालीसकट."

भावाने ह्यांना मिठीच मारली. पायरी तर पायरी, आंबा निघाला ना. तो आत फोन करायला धावला, तिकडच्या कुणा मित्राला सांगायला.

मला ते पेय आवडलं होतं. हे लिहायला आजही हात अडखळतो, पण आवडलं होतं. मी दुसरा घोट घेतला, मग तिसरा, कुणी विचारलं नव्हतं तरी. हलकं हलकं वाटत होतं. हसायला येत होतं. आणि हसता हसता माझं लक्ष ह्यांच्या गळ्याकडे गेलं. मी गिळलं की ह्यांचा गळा हलत होता. मी घोट घ्यायचा आणि ह्यांनी रिकामंच गिळायचं. त्यांना स्वतःला ते कळत नसावं. माझ्या तोंडाकडे बघत कौतुकाने हसत होते.

मी ग्लास खाली ठेवला. मला शरम वाटली. भरल्या घरात उपाशी माणसासमोर बसून जेवल्यासारखी शरम. ह्या माणसाने मला कधी घाबरवलं नव्हतं. ताट भिरकावणं सोडा, आवाज चढवला नव्हता. ह्याच्याकडून मी काय काढून घेतलं ते मला माहीतच नव्हतं, कारण मी ते कधी चाखलं नव्हतं. आता चाखलं होतं.

भाऊ परत जायला निघाला तेव्हा एक बाटली उरली होती. माझ्या हातात देऊन म्हणाला, "ही भावोजींची. शपथेचं काय करायचं ते तू बघ. पण लवकर बघ हं ताई, ही ताजीच प्यायची असते. ठेवली की आधी वास उडतो."

"बरं," मी म्हटलं. ह्या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. दारू जितकी जुनी तितकी चांगली, हे कोण ऐकून नसतं? ह्याला काय कळतंय, म्हटलं. बाटली फ्रिजमध्ये कोकमाच्या आगळाच्या बाटल्यांच्या मागे ठेवली.

देवीला विचारून शपथ सोडवता येते. कौल लावायचा. गुरव देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. अर्ध्या तासाचं काम. पण सीझन होता, म्हटलं उरकू दे. मग पाऊस लागला. मग गणपती आले, घर पाहुण्यांनी भरलं. मग मुलीची परीक्षा. कारणांना काय तोटा. खरं कारण मला ठाऊक होतं. बाटली उघडली आणि मी पुन्हा दाराआड सापडले तर? माझ्या भीतीपायी मी त्या माणसाला अजून वर्षभर ताटकळत ठेवलं. फ्रिज उघडला की आगळामागून तपकिरी काच दिसायची आणि मी भाजी घेऊन पटकन दार लावायची. तोच फ्रिज दिवसातून दहा वेळा हेही उघडत होते. बाटलीचं नाव त्यांनी कधी काढलं नाही.

पुढच्या शिमग्यात मिऱ्याहून एक नवीन माडीवाला आला. कुणीतरी त्याला जुनं घर सांगितलं असणार. "काका, जरा चाखून बघता?" म्हणाला आणि कॅनचं झाकण उघडलं. ह्यांनी वाकून वास घेतला. मग मान पलीकडे फिरवली आणि म्हणाले, "माझी शपथ आहे रे." गळा हलला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. आड नाही, दारात.

दुसऱ्याच सकाळी मी एकटी देवळात गेले. जुने गुरव वारले होते, नवीन गुरवाला आमचं काही माहीत नव्हतं, म्हणून सगळं सांगावं लागलं. त्याने पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. घालून संपायच्या आत उजवी पाकळी खाली आली. मी पाया पडले आणि येताना वाटेत रडले. रडण्यासारखं काही नव्हतं, तरी रडले. डोक्यावरचा हंडा उतरल्यासारखं वाटत होतं.

घरी येऊन मी कुरमुरे वाटीत काढले, सरबताचा ग्लास स्वच्छ पुसला, बाटली काढली आणि हे जेवणाच्या टेबलाशी बसले होते तिथे नेऊन ठेवली. म्हटलं, "देवीने उजवा दिला. तुम्ही मोकळे झालात."

ह्यांनी बाटलीवरचं पाणी बोटाने पुसलं. मग म्हणाले, "मलाही उजवाच दिला होता."

"कधी?"

"शपथ घेतली त्याच्या पुढल्या पावसात. जुने गुरव होते तेव्हा. मी विचारून आलो होतो."

मी खुर्चीवर बसले. एवढी वर्षं. तो खोकला, ती राखणदाराची बाटली, तो पडवीतला पेपर. म्हटलं, "मग बोलला का नाहीत?"

"देवीने सोडलं होतं गो. तू कुठे सोडलं होतंस?"

रागाने नाही म्हणाले. आंब्यात साका आहे असं सांगावं तसं म्हणाले, आणि चूळ भरायला उठले.

आले, कुरमुरे खाल्ले, पुन्हा चूळ भरली. बाटली तळव्यांत धरून बसले. उघडली तेव्हा फेस आला न आला. रंग मागच्यापेक्षा काळपट दिसत होता, पण मला वाटलं, मुरली असेल. ह्यांनी ग्लास दाराच्या उजेडात धरला, मग नाकाशी नेला.

डावी भुवई वर गेली.

एवढीशीच. आणि लगेच खाली आली. तीस वर्षं मी ती भुवई बघतेय, माझी नजर चुकायची नाही. पण ह्यांनी ग्लास खाली ठेवला नाही. घोट घेतला, तोंडात फिरवला, सावकाश गिळला. दहा वर्षांतला पहिला घोट. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि माझाच गळा हलला.

"आहे ना आंबा?" मी विचारलं. "पायरी?"

"छे," हे म्हणाले. "हापूस."

मी हात पुढे केला. क्षणभर त्यांनी ग्लास सोडला नाही. मग दिला. मी घोट घेतला. आमचे डबे भरायची खोकी पावसात भिजली की त्यांना एक वास येतो, ओल्या पुठ्ठ्याचा. तोंडभर तोच. आंबा कुठेच नव्हता. हापूस नाही, पायरी नाही, पपनसाची सालसुद्धा नाही. भाऊ सांगून गेला होता, लवकर बघ.

खवट नारळाला खवट म्हणणारा माणूस माझ्यासमोर बसला होता, आणि माझ्या तोंडाकडे बघत होता.

"हापूसच," मी म्हटलं.

"मग? माझी जीभ खोटं बोलत नाही," हे म्हणाले. माझ्या हातातून ग्लास घेतला आणि बाटली उलटी करून तळाच्या गाळासकट उरलेली सगळी त्यात ओतून घेतली.